शाळा, दवाखाना, कारखाना : कोल्हापुरातील एक दिवस



कोल्हापूर आपण सर्वांनी पाहिले आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आपण जातो. बाजाराला जातो. कोर्टकचेरीचे काम निघाले तर जातो. काम झाले की संध्याकाळच्या गाडीने परत येतो. पण ज्या शहरात आपण शंभर वेळा गेलो, तेथील शाळा आत जाऊन पाहिली आहे का? आपल्या विहिरीवरचा पंप जेथे तयार होतो, तो कारखाना पाहिला आहे का? थोरला दवाखाना आपण पाहतो खरा. पण घरचे माणूस खाटेवर असते तेव्हा पाहतो. अशा वेळी भिंतीवरची पाटी कोण वाचणार?

म्हणून आमच्या साक्षरता वर्गाने एक दिवस मुद्दाम काही काम नसताना कोल्हापूरला जायचे ठरवले. आम्ही २२ जण निघालो. त्यांत १४ बाया व ८ पुरुष होते. बहुतेकांना लिहावाचायला येऊन वर्षही झाले नव्हते. निघताना दोन नियम केले. पहिला नियम, जेथे जाऊ तेथे प्रत्येकाने एक तरी पाटी स्वतः वाचायची. दुसरा नियम, एक तरी प्रश्न विचारायचा आणि मिळालेले उत्तर वहीत लिहायचे. दुसऱ्याने वाचून दाखवायचे नाही, अशी ताकीदच होती.

१. गाडीतला पहिला धडा

पहिली पाटी गाडीतच मिळाली. ती म्हणजे तिकीट. आजवर कंडक्टर देईल तो कागद मुठीत धरायचा आणि उतरल्यावर टाकून द्यायचा, अशी रीत होती. आज मावशींनी तिकीट उलगडून वाचले. कोठून कोठे, तारीख कोणती, पैसे किती, हे सर्व त्यात होते.

एस. टी. गाडीत २०२३ च्या मार्च महिन्यापासून बायकांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील म्हाताऱ्या माणसांना २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत आहे. मावशींनी पुरुषाचे तिकीट मागून घेतले, आपल्या तिकिटाशी ताडून पाहिले आणि हिशेब बरोबर आहे असे जाहीर केले. गाडीतील लोक हसले, पण मावशी हसल्या नाहीत. त्यांनी तिकीट वहीत ठेवले.

२. दसरा चौकात

बसस्थानकावरून आम्ही चालत दसरा चौकात गेलो. येथे राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. महाराजांचा जन्म १८७४ सालचा. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. १९२२ साली ते वारले. म्हणजे त्यांना जेमतेम ४८ वर्षांचे आयुष्य मिळाले.

पुतळ्याच्या आसपास जुनी वसतिगृहे आहेत. त्यांना येथे बोर्डिंग म्हणतात. खेड्यातील पोराला शहरात शिकायचे तर राहायचे कोठे आणि जेवायचे कोठे, हा पहिला प्रश्न असे. महाराजांनी तो ओळखला. १९०१ साली मराठा मुलांसाठी बोर्डिंग निघाले. पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशा अनेक समाजांची बोर्डिंगे निघाली. ज्यांना लोक त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्यांच्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. महाराजांनी जागा दिल्या, पैसा दिला आणि पाठबळ दिले.

१९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. जो बाप मुलाला शाळेत घालणार नाही, त्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया फार मोठा होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात असे शिक्षण सुरू केले होते. आणि त्याही आधी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी इंग्रज सरकारच्या हंटर कमिशनपुढे लेखी मागणी केली होती की, गोरगरिबांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीने द्या.

हे ऐकून आमच्यातील एक आजोबा म्हणाले, “म्हंजे माझ्या आज्याला दंड बसला असंल की!” सगळे हसले. पण आजोबा लगेच गंभीर झाले. “दंड भरून का हुईना, पर शाळंत घातलं असतं तर मला साठीत पाटी धरावी लागली नसती,” असे ते बोलले.

३. थोरला दवाखाना

चौकापासून थोरला दवाखाना जवळच आहे. त्याचे खरे नाव छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पूर्वी त्याला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणत. लोक आता सी.पी.आर. म्हणतात, पण जुनी माणसे अजून थोरला दवाखानाच म्हणतात.

सकाळची वेळ होती. रांगा लागल्या होत्या. आम्ही आजारी माणसांच्या वाटेत न येता बाजूने गेलो. केसपेपर कोठे काढतात, कोणता रोगी कोणत्या खोलीत जातो, औषध कोठे मिळते, हे पाट्या वाचत वाचत शोधले. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची माहिती सांगणाऱ्या माणसाला आरोग्यमित्र म्हणतात. मोठे ऑपरेशन निघाले तर घाबरून सावकाराकडे धावण्यापूर्वी आरोग्यमित्राला भेटावे आणि रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर न्यावे, हे सर्वांनी वहीत लिहिले.

तेवढ्यात आमच्यातील एक तात्या एका पाटीपुढे थांबले. ते शेतमजुरी करतात. वय ५५ च्या आसपास. त्यांनी अक्षरावर बोट ठेवून पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. पाटी क्षयरोगाची होती. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मरणे, वजन घटणे, असे काही असेल तर थुंकी तपासून घ्या, असे त्यात लिहिले होते.

तात्या आमच्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, “गुरुजी, हे माझंच लिवलंय.”

महिन्याभरापासून ते खोकत होते. बिडीचा खोकला आहे, असे सर्वांना सांगत होते. आता मात्र पाटीने त्यांना खरे विचारले होते. आम्ही खिडकीकडे चला म्हटले, तर त्यांचे पाऊल उचलेना. “गावात कळलं तर माझ्या दारात कोण यील? पोरीचं लगीन व्हायचं हाय,” असे ते म्हणाले. भीती खोटी नव्हती. क्षय झाला म्हणून माणसाचे ताट वेगळे केलेले आपण सर्वांनी पाहिले आहे.

सगळे गप्प होते. मग एक आक्का पुढे झाल्या. म्हणाल्या, “दारात आमी यीवू. पर तात्या, तुमी आदी खिडकीकडं जावा.” तात्या गेले.

तेथील बाईंनी तात्यांना डबी दिली. थुंकी म्हणजे नुसती लाळ नव्हे, खोल खोकून छातीतला बेडका द्यायचा, हे समजावून सांगितले. एक नमुना तेव्हाच घेतला. दुसरा सकाळी उठल्याबरोबर घेऊन गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या, असे सांगितले. तपासणीला पैसा पडला नाही.

मग आम्ही प्रश्न विचारले. उत्तरे अशी मिळाली.

क्षयरोग जंतूमुळे होतो. शापाने किंवा करणीने होत नाही. तो जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी शोधला व १८८२ साली जगाला सांगितला. फुप्फुसाचा क्षय झालेला रोगी खोकतो, तेव्हा जंतू हवेतून दुसऱ्याच्या छातीत जातात. ताटवाटीने किंवा हात लावल्याने क्षय पसरत नाही. म्हणून ताट वेगळे करण्यात अर्थ नाही. खोकताना तोंडावर फडके धरावे, घराची खिडकी उघडी ठेवावी आणि घरातील सर्वांची तपासणी करावी.

सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. साध्या क्षयाला सहसा सहा महिने औषध घ्यावे लागते. महिना दोन महिन्यांत बरे वाटू लागते, आणि येथेच माणूस फसतो. औषध मध्येच सोडले तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. मग रोग फार अवघड होतो. औषध नीट सुरू झाले की बहुतेक रोग्यांकडून दुसऱ्याला होणारा धोका काही आठवड्यांत कमी होतो. रोग्याच्या खाण्यापिण्यासाठी सरकार बँकेच्या खात्यावर पैसे भरते. २०१८ साली ते महिन्याला ५०० रुपये होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० रुपये झाले.

४. पालिकेच्या शाळेत

दुपारी एका झाडाखाली भाकरी, झुणका आणि खर्डा खाल्ला. मग महानगरपालिकेच्या एका शाळेत गेलो. पालिकेची शाळा म्हणजे गरिबाची आणि म्हणून हलकी, असा पुष्कळांचा समज असतो. पण कोल्हापुरातच जरगनगर येथे पालिकेची अशी शाळा आहे की, तेथे मूल घालण्यासाठी गुढीपाडव्याला पालकांची रांग लागते. शाळा पालिकेची की खाजगी यावर तिचा दर्जा ठरत नाही. शिक्षक किती मन लावतात आणि पालक किती लक्ष घालतात, यावर तो ठरतो.

मुख्याध्यापिका बाईंनी आम्हांला वर्ग दाखवले. आमच्यातील काही जण मुलांच्या बाकावर बसले. फळ्यावर भागाकार होता. एका वहिनींनी तो आपल्या वहीत करून पाहिला आणि शेजारच्या मुलीच्या उत्तराशी ताडला. दोघींचे उत्तर एकच आले. मुलगी म्हणाली, “तुम्ही कितवीत आहात?” वहिनी म्हणाल्या, “साक्षरता वर्गात.”

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. त्यातील आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा :

६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला मारणे व त्याचा छळ करणे यांस बंदी आहे. अशा प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सभासदांत चारातले तीन पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात.

ही शेवटची गोष्ट ऐकून बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. आमच्या गावच्या समितीत बाया आहेत. सभेचा कागद घरी येतो आणि त्या सही करतात. “आता वाचल्याबिगार सही न्हाई,” असे दोघींनी तेथेच ठरवले.

आमच्यातील एका ताईंची मुलगी आठवीत आहे. गावची शाळा आठवीपर्यंतच आहे. नववीला सहा किलोमीटर लांब जावे लागते. म्हणून मुलीला घरी बसवायचे असे घरात ठरत होते. ताईंनी बाईंना विचारले, “पुढं पाठवायची तर रोजच्या गाडीचं पैसं कुठनं आणू?” बाईंनी सांगितले की, गावातून शाळेला जाणाऱ्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एस. टी. चा पास मोफत मिळतो. त्या योजनेला अहिल्याबाई होळकर यांचे नाव आहे. शाळेने सही केलेला अर्ज आगारात द्यावा लागतो.

ताईंनी हे सर्व वहीत लिहून घेतले. कायद्याचा हक्क १४ व्या वर्षी थांबतो. पण आईबापांचे काम तेथे थांबत नाही. आणि मुलीचे लग्न १८ वर्षांच्या आत करणे हा गुन्हा आहे, हे आपण सर्वजण जाणतोच.

५. उद्यमनगरात

शेवटी शिवाजी उद्यमनगरात गेलो. हा कोल्हापूरचा जुना कारखान्यांचा भाग. एका गल्लीत लेथ फिरतो, दुसरीत फौंड्री धगधगते. उसाचे चरक, तेलावर चालणारी इंजिने आणि पाण्याचे पंप नादुरुस्त होत. ते दुरुस्त करता करता येथील मिस्त्री नवे यंत्र करायला शिकले. कोल्हापूरच्या मिस्त्रीचे डोके जुनेच प्रसिद्ध आहे. बाबूराव पेंटर हे सुतारकाम करणाऱ्या घरातले. परदेशी कॅमेरा परवडेना, तेव्हा १९१८ च्या सुमारास दामले यांच्या मदतीने त्यांनी सिनेमाचा कॅमेरा येथेच तयार केला.

आम्ही एक फौंड्री पाहिली. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना. प्रथम वस्तूचा लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून साचा घेतात. नमुना काढला की वाळूत पोकळी राहते. त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. रस थंड झाला की वाळू फोडून वस्तू बाहेर काढतात. मग लेथवर ती घासून मापात आणतात. पाणी १०० अंशांना उकळते. लोखंडाचा रस ओतताना १,३०० अंशांहून जास्त गरम असतो. त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहवत नाही.

एका वयस्क कामगाराने आपला पाय दाखवला. घोट्याखाली जुना चट्टा होता. तरुणपणी तो दुसऱ्या एका फौंड्रीत होता. ज्या पळ्यात रस घेतात, तो पळा ओला राहिला होता. ओलीवर रस पडताच पाण्याची एकदम वाफ झाली आणि रस उडाला. “भिंतीवर लिवलेलं होतं, पळा तापवून कोरडा करून घ्या. पर मला वाचाय कुठं येत हुतं?” असे तो म्हणाला. आम्ही भिंतीकडे पाहिले. चष्मा घाला, बूट घाला, हातमोजे घाला, असे तेथे मराठीत लिहिले होते. आमच्या मंडळींनी ते मोठ्याने वाचले. तो कामगार ऐकत उभा राहिला.

पलीकडच्या कारखान्यात यंत्रावर एक तरुण मुलगी काम करत होती. कळंबा रस्त्यावरील सरकारी आय. टी. आय. मध्ये ती दहावीनंतर शिकली होती. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घेत होती. आमच्या ताई तिच्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. “तुझ्या गावात नववी होती का ग?” एवढेच त्यांनी विचारले. मुलगी म्हणाली, “नव्हती. बसनं जायची.”

आमच्यात चप्पल करणारे एक दादा होते. ते म्हणाले, “यंत्राचं ठीक हाय. हातानं करणाऱ्याला कागदाचा काय उपेग?” त्याचे उत्तर कोल्हापुरी चपलेनेच दिले आहे. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीची शिवण आणि खिळा नाही, अशी ही चप्पल. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांत तयार होणारी चप्पलच कोल्हापुरी, असे सरकारी दप्तरी नोंदले गेले. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने तशीच चप्पल मांडली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इकडे मोठी ओरड झाली. तेव्हा भारतातील हस्तकलेवरून हा नमुना सुचला, असे कंपनीला मान्य करावे लागले. कसब हातात होतेच. पण नाव कागदावर होते, म्हणून बोलायला आधार मिळाला. दादांनी मानांकन हा शब्द वहीत दोनदा लिहिला.

६. तिन्ही गोष्टी एकच

येताना गाडीत चर्चा झाली. शाळा, दवाखाना, कारखाना या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत काय? आजारी बापाचे पोर शाळा सोडते. शाळा सोडलेले पोर कारखान्यात पाटी वाचू शकत नाही. तेथे अपघात झाला की घर पुन्हा दवाखान्याच्या दारात येते. एक बाजू ढासळली की बाकीच्याही ढासळतात.

ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातील एका मोठ्या माणसाने फार पूर्वी ओळखली होती. ते म्हणजे डॉ. जे. पी. नाईक. त्यांचा जन्म १९०७ साली आजरा तालुक्यातील बहिरेवाडी या खेड्यात झाला. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला. नंतर धारवाड जिल्ह्यातील एका खेड्यात राहून त्यांनी शिक्षण आणि आरोग्य ही दोन्ही कामे बरोबर केली. भुदरगड तालुक्यात गारगोटी येथे १९५२ साली त्यांनी मौनी विद्यापीठ उभे केले. खेड्याचे शिक्षण खेड्याच्या जीवनाशी जोडलेले असावे, हा त्यामागचा विचार. पुढे १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षण आयोगाचे ते चिटणीस होते. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांनी प्रौढांच्या आणि शाळेबाहेरच्या मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर काम केले.

७. गावात आल्यावर

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सकाळचा नमुना आरोग्य केंद्रात दिला. आठवड्याने कळले की क्षय आहे. औषध सुरू झाले. आशाताई रोज चौकशी करतात. घरातील सर्वांची तपासणी झाली. आक्का शब्दाप्रमाणे तात्यांच्या दारात जातात, आणि त्या जातात म्हणून इतरही जातात. सहा महिने अजून पुरे व्हायचे आहेत. तात्या गोळी घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करतात व तारीख स्वतः वाचतात.

ताईंनी पासाची सर्व माहिती घरी वाचून दाखवली. मुलीचे नाव नववीला घालायचे की नाही यावर घरात अजून वाद आहे. पण आता वाद गाडीभाड्याचा राहिलेला नाही.

वाचकहो, शाळा, दवाखाना आणि सरकारी योजना आपल्या कराच्या पैशातून चालतात. त्या आपल्या आहेत. पण जो विचारत नाही, त्याला त्या सापडत नाहीत. वाचायला शिकलात, आता विचारायला शिका. पुढच्या वेळी कोल्हापूरला जाल तेव्हा वही जवळ ठेवा.

अभ्यास

१. तात्यांनी पाटी वाचली नसती तर काय झाले असते? घरात चर्चा करा.
२. क्षयाचे औषध मध्येच का सोडू नये? तीन ओळी लिहा.
३. तुमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत कोण कोण आहे? नावे विचारून वहीत लिहा.
४. ओल्या पळ्यात लोखंडाचा रस घेतला तर काय होते? का होते?
५. तुमच्या गावातील एखादी मुलगी घरी बसली असेल तर तिच्या आईला हा पाठ वाचून दाखवा.
६. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक पाटी वाचा आणि ती जशीच्या तशी वहीत उतरून आणा.